घाट सरकतो, मुक्काम मागे राहतो

लोणावळ्यात काय पाहावे, याची यादी कोणत्याही चिक्कीच्या दुकानात, कोणत्याही रिक्षावाल्याकडे फुकट मिळते. भुशी धरण, टायगर पॉइंट, राजमाची पॉइंट, ड्यूक्स नोज म्हणजे आपली नागफणी, वळवणचा तलाव, कार्ल्याची एकवीरा, वेळ उरला तर लोहगड. मी तळेगावचा. गेली तीस-पस्तीस वर्षे ही यादी ऐकतो आहे. तिच्यात ठिकाणांची भर पडते, क्रम बदलतो, पण एक गोष्ट बदलत नाही. यादीतले प्रत्येक ठिकाण आज ज्या रस्त्याने माणसे येतात त्या रस्त्याच्या हाताशी आहे.

यातल्या ‘पॉइंट’ या शब्दाची मला गंमत वाटते. पॉइंट म्हणजे गाडी उभी करून खाली बघायची जागा. खाली काय असते? कोकण आणि कोकणातून वर येणारी वाट. दोन हजार वर्षे माणसे, बैल, घोडे, तोफा, इंजिने ज्या उतारावरून धापा टाकत वर आली, तो उतार आपण कणीस खात वरून बघतो. म्हणून लोणावळ्याला आलेल्या ओळखीच्या माणसांना मी नेहमी एकच गोष्ट सांगतो. इथली प्रसिद्ध ठिकाणे आणि दुर्लक्षित ठिकाणे असे दोन वेगळे गट नाहीत. घाटाची वाट जिथे होती तिथे गर्दी होती. वाट सरकली, गर्दी तिच्यामागे गेली, आणि जुना मुक्काम झाडीत राहिला. आजचे अनोळखी ठिकाण हे बहुतेक वेळा कालचे गजबजलेले नाके आहे.

मी इतिहास रीतसर शिकलेलो नाही. चिंचवडच्या एका कारखान्यात नोकरी केली आणि पहिल्या पाळीच्या लोकलमध्ये बसून ब्राह्मीची अक्षरे गिरवली. सुटीच्या दिवशी ती अक्षरे दगडावर शोधायला जायचे, एवढेच माझे शिक्षण. त्यामुळे या लेखात जे आहे ते पायांनी पाहिलेले आणि थोरांच्या ग्रंथांवरून ताडून घेतलेले आहे.

मावळ म्हणजे आंद्रा, इंद्रायणी आणि पवना या नद्यांची खोरी. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही नावे इथली माणसे अजून रोजच्या बोलण्यात वापरतात. पश्चिमेला सह्याद्रीची कड एकदम तुटते आणि खाली कोकण सुरू होते. मुंबई हे बंदर होण्याच्या कितीतरी आधी सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे होती. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात या बंदरांची नावे आहेत, आणि घाटावरच्या पैठण व तेर या बाजारपेठांचीही आहेत. बंदर आणि बाजारपेठ यांच्यामध्ये सह्याद्री उभा. तो ओलांडायच्या वाटा मोजक्याच, आणि त्यांतल्या तीन-चार मावळात उतरतात. कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी अगदी इथेच का खोदली गेली, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या वाटांमध्ये आहे.

कार्ल्यापासूनच सुरुवात करू, कारण तिथे सगळेच जातात. चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट उंच, आत ३७ खांब. छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. माणसे छताकडे बघतात, आवाज घुमतो का पाहतात आणि परततात. खांबांवर आणि दाराच्या भिंतीवर जी नावे कोरली आहेत ती वाचायला कुणी थांबत नाही. ते लेणे एका राजाचे नाही. ते वर्गणीचे आहे.

व्हरांड्यातल्या लेखात वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल नावाचा श्रेष्ठी सांगतो की जंबुद्वीपातले हे सर्वोत्तम शिलागृह त्याने पूर्ण केले. जाहिरात करण्याची आपली सवय किती जुनी आहे ते यावरून कळते! समोरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणक याचा. एक खांब सोपाऱ्याच्या सातिमिताचा. धेनुकाकट नावाच्या गावच्या माणसांनी तर खांबांची रांगच दिली आहे. त्यांतले कितीतरी स्वतःला ‘यवन’ म्हणवतात आणि नावे सांगतात सिहधय, धम, यसवधन अशी. आडनाव परदेशी आणि नाव देशी, असे काहीसे. हे धेनुकाकट नेमके कोणते, यावर विद्वान शंभर वर्षे भांडत आहेत. त्या भांडणात मी पडत नाही. मला त्याच गावची दुसरी दोन माणसे जवळची वाटतात. सिहदत नावाचा एक गंधिक, म्हणजे अत्तर-सुगंधी द्रव्ये विकणारा, त्याने दर्शनी दाराच्या कामाला दान दिले. आणि वेणुवासाचा मुलगा सामी, हा वढकी, म्हणजे सुतार. त्याने दर्शनी दाराचे काम केले असे तिथे लिहिले आहे. लेण्यात शिरताना आपण एका सुताराच्या नावाखालून शिरतो. महाराष्ट्रात किती इमारतींवर सुताराचे नाव आहे, सांगा.

याच लेण्यात एक राजाज्ञा आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने वलूरक लेण्यातल्या, म्हणजे कार्ल्याच्या, भिक्षूंना करजिक नावाचे गाव दिले होते. पुढे क्षत्रपांची सत्ता गेली, सातवाहनांची आली. तेव्हा नव्या राजाने हेच गाव भिक्षूंकडे राहू द्यावे, अशी आज्ञा आपल्या अमात्याला पाठवली. हा अमात्य कुठला? मामालचा. मामाल म्हणजे मावळ, असे अभ्यासक मानतात. सात-बाराच्या उताऱ्यावर आपण ‘तालुका मावळ’ लिहितो, त्या नावाचा हा सगळ्यात जुना कागद, आणि तोही जमिनीच्या हक्काचाच. मावळात आजही जमिनीशिवाय दुसरा विषय नसतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटू नये.

मळवली स्टेशनच्या उत्तरेला कार्ले, दक्षिणेला भाजे. भाजे अधिक जुने, आणि तिथे कार्ल्याच्या एक दशांशही गर्दी नसते. पावसाळ्यात असते ती लेण्यांखालच्या धबधब्यात. भाज्याच्या चैत्यगृहाचे खांब आत कलते आहेत, कारण खोदणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अजून लाकडी घर होते आणि लाकडी घराचे खांब भार पेलायला तसे कलते ठेवत. दगडाला त्याची गरज नाही, पण सवय मोडलेली नाही. बाजूला लहान-मोठ्या स्तूपांचा चौदाचा समूह आहे. त्यांतल्या काहींवर अंपिनिक, संघदिन, धमगिरी अशी स्थविरांची नावे आहेत. म्हणजे ही या डोंगरात राहून गेलेल्या म्हाताऱ्या भिक्षूंची स्मारके. दक्षिणेच्या टोकाच्या विहारात रथात बसलेला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र मानली जाणारी शिल्पे आहेत, आणि तिथेच दोन उभ्या वाद्यांवर हात टाकून वाजवणारी एक स्त्री आहे. ‘दोन हजार वर्षांपूर्वीचा तबला’ म्हणून तिचे छायाचित्र हल्ली मोबाइलवर फिरते. तबला म्हणण्याची घाई करू नये, पण ती ज्या ताठ पाठीने बसली आहे ते बघायला जरूर जावे.

तिसरे बेडसे. कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याला लागले की डावीकडे डोंगरात. मी बहुतेक वेळा तिथे एकटाच असतो. कधी एखादी कॉलेजची जोडी, कधी गुराखी. दोन खडकांच्या फटीतून आत गेल्यावर एकदम उंच खांब समोर येतात, त्यांच्या माथ्यावर घोड्यांवर आणि हत्तींवर बसलेली जोडपी. स्त्रियांच्या अंगावरचे दागिने अजून मोजता येतात. माझ्या मते मावळातले सर्वांत देखणे दगडकाम हे आहे, कार्ल्यापेक्षाही. शेजारचा विहार मागच्या बाजूने अर्धगोल आहे, तसा विहार दुसरीकडे सहसा दिसत नाही.

बेडशाला आज ‘ऑफबीट’ म्हणतात. पण तिथले लेख काय सांगतात? नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुसणक इथे दान देऊन गेला. एका पाण्याच्या टाक्यावर सामडिनिका नावाच्या स्त्रीचे नाव आहे. ती महाभोजाची मुलगी आणि महारठी घराण्यातली सून. महाभोज ही पदवी कोकणच्या बाजूला, कुड्याच्या लेण्यांत पुन्हापुन्हा भेटते. म्हणजे कोकणची लेक घाटावर दिली आणि तिने वाटेवरच्या लोकांसाठी पाणी भरून ठेवले. नाशिकचा व्यापारी आणि कोकणची लेक जिथे दान देतात ती जागा आडवाटेची असेल कशी? पवनेच्या खोऱ्यातली वाट मागे पडली, बेडसे आडवाटेला गेले. इतकेच.

कार्ल्याचे तसे का झाले नाही? एकवीरेमुळे. चैत्याच्या तोंडाशीच देवीचे देऊळ आहे, आणि ती किनाऱ्यावरच्या कोळी-आगऱ्यांची कुलस्वामिनी. चैत्र शुद्ध षष्ठीला पायथ्याच्या देवघरात देवीचा भाऊ काळभैरव याची यात्रा आणि सप्तमीला गडावर पालखी. त्या दिवसांत मुंबई, ठाणे, रायगडच्या कोळीवाड्यांतून माणसांचा पूर लोटतो, बँड वाजतो, आणि मळवलीच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. पर्यटक याला ‘गर्दी’ म्हणून नाक मुरडतात. मला यात सोपाऱ्याच्या सातिमिताची आठवण येते. देव बदलला, धर्म बदलला, पण किनाऱ्यावरच्या माणसाने घाट चढून या डोंगरावर येऊन काहीतरी वाहायचे, हा क्रम चालूच आहे. मात्र देवळाच्या रांगेत उभा राहिलेला माणूस आणि तिकीट काढून लेण्यात जाणारा माणूस एकमेकांच्या बाजूला असूनही एकमेकांचे काही बघत नाहीत, हे प्रत्येक वेळी खटकते.

आता वाटांकडे. लोणावळ्याच्या राजमाची पॉइंटवरून जो किल्ला दिसतो तो बघून माणसे परततात. किल्ल्याला श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले आहेत, माचीवर उधेवाडी नावाचे गाव आहे, शंकराचे जुने देऊळ आणि तळे आहे. किल्ल्याच्या पोटात, कर्जतच्या अंगाला, कोंढाण्याची लेणी आहेत. तिथल्या भल्यामोठ्या तुटक्या चेहऱ्याजवळ लिहिले आहे की हे कान्ह याचा शिष्य बालक याने केले. लेणे पायथ्याला आणि किल्ला माथ्याला, हे समीकरण दिसले की मधून घाटवाट जात होती असे खुशाल समजावे. ‘कोकणचा दरवाजा’ हे राजमाचीचे विशेषण उगाच पडलेले नाही.

नागफणीचे तेच. इंग्रजांना त्या सुळक्यात वेलिंग्टनच्या ड्यूकचे नाक दिसले, आपल्या लोकांना नागाची फणी दिसली. त्याच्या बगलेतून कुरवंड्याचा घाट खाली उतरतो. १६६१ साली पुण्यात तळ देऊन बसलेल्या शाहिस्तेखानाने कारतलबखानाला कोकण जिंकायला पाठवले. बोरघाटावर मराठ्यांची नजर असणार म्हणून खान या आडबाजूच्या घाटाने उतरला. सोबत माहूरची रायबागन होती. खाली चावणीजवळ उंबरखिंडीत, दोन्ही बाजूंना दाट झाडी असलेल्या अरुंद नळीत, २ फेब्रुवारीला शिवाजी महाराजांनी त्याला गाठले. परमानंदाने ‘शिवभारता’त हा प्रसंग रंगवला आहे. पुढे शरण, खंडणी, आणि जीव वाचवून माघार. पुस्तकात हे सगळ्यांनी वाचलेले असते. पण नागफणीवर उभे राहून ‘ती नळी कोणती’ असे विचारणारा पर्यटक मला अजून भेटायचा आहे.

पुढची मोठी वाटचाल इंग्रजांची, १७७८-७९ ची. राघोबादादाला पुण्याच्या गादीवर बसवायला मुंबईहून निघालेली फौज बोरघाट चढून आली. सुमारे चार हजार माणसे आणि, ग्रँट डफ म्हणतो त्याप्रमाणे, एकोणीस हजारांवर बैल. इतके लटांबर घेऊन ती मुंगीच्या पावलाने सरकत होती. कार्ल्यापाशी ४ जानेवारी १७७९ ला कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. त्याच्या धाडसामुळे मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले होते. शत्रूला फाकडा म्हणायला मन मोठे लागते. फौज ९ तारखेला तळेगावी पोचली तेव्हा गाव जळत होते, दाणागोटा काही नाही. ११ च्या रात्री जड तोफा तळ्यात टाकून माघार, आणि वडगावला महादजी शिंद्यांच्या वेढ्यात अडकून तह. वडगावला विजयस्तंभ आहे, महादजींचा पुतळा आहे, आणि इष्टुर फाकड्याची समाधीही दाखवतात. जुन्या हमरस्त्याने जाणाऱ्या गाड्या या सगळ्याच्या बाजूने जातात. एक्स्प्रेस-वेने जाणाऱ्यांना ‘वडगाव’ ही फक्त पाटी.

इथवर एक गोष्ट लक्षात आली असेल. एवढ्या लांबलचक हकिगतीत लोणावळा कुठेच नाही. लेणी आली, खंडाळा येतो, कार्ले येते, वडगाव-तळेगाव येतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घाट चढून येणारे गोरे प्रवासी, मारिया ग्रॅहमसारख्या प्रवासवर्णने लिहिणाऱ्या बाईसुद्धा, कार्ल्याची लेणी बघायला थांबत. लोणावळ्याला थांबायचे कारणच नव्हते. ‘लेण्यांची आवली’ म्हणजे ओळ, त्यावरून लोणावली, अशी नावाची व्युत्पत्ती सांगतात. ती खरी धरली तरी नाव लेण्यांचे, गावाचे नव्हे.

१८३० मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने बोरघाटातून गाडीरस्ता खुला केला. तोपर्यंत हा घाट बैलांच्या पाठीवरच्या मालाचा होता. आता चाके चढू लागली. घाटाच्या पायथ्याला खोपोलीत नाना फडणविसांनी बांधलेले तळे आणि महादेवाचे देऊळ हा पूर्वापार मुक्काम, आणि वर खंडाळा. या रस्त्यावर त्याच वर्षी एक दगडी पूल बांधला गेला. पुढे वेदनाशामक बामच्या जाहिरातीवरून त्याला ‘अमृतांजन पूल’ असे नाव पडले आणि जुने कुणाच्या लक्षातही राहिले नाही.

याच घाटात, जुन्या रस्त्याला, शिंग्रोबाचे छोटेसे देऊळ आहे. ट्रकवाले, एसटीचे चालक तिथे गाडी हळू करतात, नाणे टाकतात, हात जोडतात. कथा सर्वांना पाठ आहे. साहेबाला घाटातून वाट सापडत नव्हती, शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या मेंढरांच्या पायवाटेने ती दाखवली, आणि बक्षीस म्हणून साहेबाने त्याला गोळी घातली. काही जण ही कथा रस्त्याशी जोडतात, काही रेल्वेशी. या कथेला कागदाचा आधार द्यायची घाई मी करत नाही. पण घाटाची रेषा आखणाऱ्या इंजिनीअरांची नावे ग्रंथांत आहेत आणि त्यांच्यापुढे चालणाऱ्या वाटाड्यांची नाहीत, हे कुणी नाकारू शकत नाही. कार्ल्यात सुताराचे नाव कोरले गेले. अठराशे वर्षांनंतरच्या घाटात धनगराचे नाव राहिले ते कोनशिलेवर नाही, चालकांच्या नाण्यांत.

रेल्वेने सगळेच उलटेपालटे केले. खंडाळा ते पुणे गाडी १४ जून १८५८ ला सुरू झाली, खालच्या अंगाला खोपोलीपर्यंत रूळ आधीच आले होते. मधला घाट मात्र प्रवासी पालखीतून, तट्टावरून, नाहीतर बैलगाडीतून पार करत. घाटातले काम १८५६ च्या आरंभी निघाले आणि १८६३ मध्ये पुरे झाले. सुमारे पंधरा मैलांची चढण, १,८३१ फुटांची उंची, पंचवीस बोगदे. १८६१ मध्ये या कामावर बेचाळीस हजारांवर माणसे होती. त्या काळी मावळातल्या एखाद्या मोठ्या गावाची वस्ती हजार-दोन हजार धरली, तर डोंगराच्या कड्यावर केवढे शहर वसले होते, त्याचा अंदाज करावा. मजुरी थकली म्हणून १८५९ मध्ये या मजुरांनी दंगा केला, पटकीने माणसे पटापट मेली. पहिल्या ठेकेदाराने काम सोडले. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, इथे येऊन काही आठवड्यांतच वारला, आणि त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ठेका आपल्याकडे घेऊन काम तडीस नेले. या बाईचे नाव लोणावळ्यातल्या एखाद्या चौकाला असायला हरकत नव्हती. बेचाळीस हजारांतल्या मजुरांची नावे तर कुठल्याच चौकाला पुरणार नाहीत. चिक्कीचा मूळ अवतार गुडदाणी, आणि ती घाटातल्या मजुरांसाठी विकली जाई, असे गावात सांगतात. तेवढीच एक गोड खूण.

या घाटात ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होते. चढण इतकी अवघड की गाडी एका सपाट पट्टीवर आणून थांबवायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि उलट्या दिशेने पुढचा चढ चढायचा. विजेची इंजिने आली, नवे बोगदे निघाले, १९२९ मध्ये मार्ग बदलला आणि हे स्टेशन सुटले. त्याचे दगडी अवशेष घाटात अजून उभे आहेत. छेसष्ट वर्षे प्रत्येक प्रवासी जिथे थांबला, ते ठिकाण आज शोधत जावे लागते.

आणि लोणावळा? ते इंजिनांचे गाव झाले. घाट चढून आलेल्या, घाट उतरायच्या तयारीत असलेल्या इंजिनांची देखभाल, त्यांच्या माणसांची वस्ती, शाळा, प्रार्थनाघर. वाफेच्या इंजिनांना पाणी लागते, म्हणून भुशीचे धरण. म्हणजे आज ज्याच्या पायऱ्यांवर शनिवार-रविवारी हजारो माणसे बसून भिजतात ती रेल्वेची पाण्याची टाकी आहे. वळवण, लोणावळा, शिरवता हे तलाव टाटांच्या वीज कंपनीचे. १९११ मध्ये कोनशिला, १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज. पूर्वेला वाहून जायचे इंद्रायणीचे पाणी अडवून पश्चिमेला कड्यावरून खाली सोडायचे, ही त्यातली युक्ती. चार हजार मिलिमीटरवर पडणाऱ्या लोणावळ्याच्या पावसाची किंमत पहिल्यांदा कुणी रुपयांत केली असेल तर ती इथे. तलावांखाली शेते गेली. याच धर्तीचे मुळशीचे धरण निघाले तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या मुळशी सत्याग्रहाने मावळे पेटून उठले.

हे सांगण्याचे कारण आहे. आपल्याकडे कामासाठी बांधलेली वस्तू न सांगता-सवरता मौजेची होते, आणि ती मौजेसाठी बांधलेली नाही याचा विसर पडतो. जून २०२४ मध्ये भुशीच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर वर्षाच्या आत, १५ जून २०२५ ला, इंदोरीजवळच्या कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळून चार जण गेले. तो पूल गावकऱ्यांना शेतावर ये-जा करण्यासाठी होता. कुंडमळा पाच-दहा वर्षांपूर्वी आम्हा तळेगावकरांखेरीज कुणाला ठाऊक नव्हता. ‘अनोळखी ठिकाण’ म्हणून त्याची छायाचित्रे फिरली, आणि रविवारी हजारो माणसे एका पायपुलावर उभी राहिली. म्हणून एखाद्या आडबाजूच्या जागेची वाट सांगताना हल्ली माझी जीभ अडखळते. बेडशाची मी वर सांगितली, कारण तिथे दगड आहे आणि राखणदारही असतो. नाणे मावळातल्या काही जागा मी मुद्दामच लिहिलेल्या नाहीत.

अमृतांजन पूल ५ एप्रिल २०२० ला सुरुंग लावून पाडला. टाळेबंदी होती, रस्ता रिकामा होता. पुलाच्या खांबांमुळे एक्स्प्रेस-वे तिथे अरुंद व्हायचा, अपघात व्हायचे, हे खरे आहे, आणि माणसाच्या जिवापेक्षा पूल मोठा नाही. पण १९० वर्षांचा पूल जाताना त्याच्या प्रत्येक कमानीचे मोजमाप, दगडांवरच्या टाकीच्या खुणा, चुन्याचा नमुना अशी नोंद लोकांसमोर यायला हवी होती. त्या दगडांतले चार दगड खंडाळ्याच्या माथ्यावर मांडून ठेवले असते तरी चालले असते.

आता घाट पुन्हा सरकतो आहे. खोपोलीपासून कुसगावपर्यंत नवा मार्ग, त्यात जवळपास नऊ किलोमीटरचा बोगदा, आणि तो बोगदा लोणावळ्याच्या तलावाखालून जातो. त्या वाटेवरच्या गाडीला ना खंडाळा दिसणार, ना नागफणी, ना राजमाची. घाट चढतो आहोत हेही कळणार नाही. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्याला लोणावळ्याला थांबायचे कारण उरणार नाही. हॉटेलवाल्या मित्रांना याची धास्ती आहे. कार्ल्याच्या पथारीवाल्यांना नाही, कारण एकवीरेची माणसे बोगद्यासाठी येत नाहीत.

आमच्या तळेगाव-मळवली पट्ट्यातल्या दोन-तीन शिक्षकांनी आणि मी मिळून गेल्या हिवाळ्यापासून एक काम हाती घेतले आहे. खोपोली ते खंडाळा या माल्कमच्या रस्त्यावर जे जे दगडी काम उरले आहे, म्हणजे मोऱ्या, कठडे, मैलाचे दगड, त्याची वहीत नोंद करायची, फूटपट्टी ठेवून छायाचित्र घ्यायचे. आतापर्यंत एकोणीस मोऱ्या झाल्या. त्यांतल्या चार पावसाळ्यात दरडीखाली गेल्या आहेत, त्या दिवाळीनंतर गवत वाळले की पुन्हा शोधायच्या आहेत. शिंग्रोबाच्या देवळाजवळच्या वळणावर एका मोरीच्या कमानीत, आतल्या बाजूला, टाकीने कोरलेली एक खूण आहे. बाण असावा किंवा मेंढराचा कान. वाकून आत शिरले तरच ती दिसते.